गाडी मुलीकडची

धडक बसली तेव्हा जयाबाईंची गाडी उभी होती. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचा अर्धा तास सेलूच्या त्या मंगल कार्यालयाच्या मैदानात एकालाही ती ऐकायची नव्हती.

जयाबाईंच्या शाळेतले क्लार्क केशवराव, त्यांच्या सपनाचं लग्न. जेवणं आटोपली, विदाईची वेळ झाली आणि जो तो गाडी काढायला धावला. जयाबाईंची गाडी एका रांगेत, नवरदेवाच्या काकांची मोठी पांढरी गाडी मागच्या रांगेत, पाठीला पाठ. मधल्या वाटेत उभे राहिले नवरीचे मामा. आपल्याकडे कोणीतरी मागे उभं राहून डिक्कीवर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हटल्याशिवाय गाडी मागे येतच नाही. मामांनी मात्र कमालच केली. एक थाप जयाबाईंच्या डिक्कीवर, वळून दुसरी काकांच्या, आणि दोघांनाही एकाच दमात ‘येऊ द्या!’ जयाबाईंनी आरशात पाहिलं, ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. काकांनी मान वळवायची तसदी घेतली नाही. मामा उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले. जयाबाईंचा मागचा दिवा फुटला.

उतरल्या उतरल्या काका गरजले, “बायाइले काऊन गाडी देता रे चालवाले?”

चोराच्या उलट्या बोंबा! जयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी उभी होती. तुमी येऊन ठोकली.”

आणि निवाडा करायला पुढे कोण आलं? मामाच. दोघांनाही ज्यांनी बोलावलं, तेच पंच. “हे पाहा बाई,” ते म्हणाले, “तुमची गाडी कोणाकडची? मुलीकडची. मंग चूक आपलीच. वरपक्षाले बोल लावाचा नसते.”

“अहो, पण खाली पाहा ना!”

धूळ उडू नये म्हणून सकाळीच मैदानावर टँकरने पाणी मारलं होतं. ओल्या मुरमात टायरचे पट्टे स्पष्ट उमटले होते. जयाबाईंच्या गाडीचे पट्टे हात-दोन हात येऊन थांबलेले, काकांचे सगळी वाट ओलांडून सरळ त्यांच्या दिव्यापर्यंत. ते पाहायला नुसतं वाकायचं होतं. एवढ्या इस्त्रीच्या कपड्यांत वाकणार कोण?

दिव्याचं जयाबाईंना काही नव्हतं. प्रश्न भावनाचा होता. त्यांच्याच शाळेतली ही शिक्षिका भावना रोज वर्ध्याहून आंजीपलीकडच्या शाळेत त्यांच्या गाडीने यायची. बसने जायचं तर सकाळी सातलाच निघावं लागे, नऊ महिन्यांचं लेकरू झोपेत सोडून. आणि तिच्या नवऱ्याने, निकेशने, बजावून ठेवलं होतं, जयाबाईंच्या हातून एक जरी ठोकर झाली तर दुसऱ्या दिवसापासून बस. तोच निकेश आता गर्दीत हाताची घडी घालून उभा होता.

केशवराव धावत आले आणि काय झालं ते न विचारताच त्यांनी काकांपुढे हात जोडले. “चूक आमचीच झाली, काकासाहेब. माफ करा.” मग जयाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, “बाई, तुमी बी दोन शब्द म्हणून द्या ना. पोरीची विदाई अडून राह्यली.”

“पाह्यलं?” निकेश भावनाला म्हणाला. “मी म्हणतच होतो.”

दोन शब्द! बोलून टाकावेत आणि सुटावं, असं क्षणभर जयाबाईंनाही वाटलं. पण भावनाचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाजच चढला.

“केशवभाऊ, उभ्या गाडीची चूक तुमी हात जोडून कबूल करून राह्यले. काऊन? तर ते मुलीकडची आहे. उद्या पोरीच्या सासरी दूध उतू जाईन, तेही मुलीकडचंच. परवा कोणाची तब्येत बिघडन, तेही तिच्याच पायगुणानं. सपना नुसती उभी जरी राह्यली, तरी तिनंच ठोकलं म्हणतीन. किती दिवस हात जोडसान?”

सजवलेल्या गाडीजवळ सपना उभी होती. तिने सगळं ऐकलं. रडणं थांबवून ती बापाकडे पाहू लागली.

केशवरावांचे जोडलेले हात खाली आले. नव्या सफारी सूटची पर्वा न करता ते मुरमात उकिडवे बसले आणि बोटाने एकेक पट्टा पाहत गेले. उठले तेव्हा गुडघे चिखलाने भरले होते.

“काकासाहेब,” ते म्हणाले, “बाईची गाडी उभी होती. ठोकली तुमी.”

“अहो भाऊजी, वरपक्ष...” मामा पुढे झाले.

“तुमी गप बसा!”

आवाज मैदानभर ऐकू गेला. काका लाल झाले, काही तरी पुटपुटले आणि गाडीत बसून त्यांनी दार आपटलं. तेवढा राग त्यांनी आरशात पाहण्यात खर्च केला असता तर ही वेळच आली नसती.

निकेशने पट्टे पाहिले, फुटलेला दिवा पाहिला. मग घसा साफ करून विचारलं, “बाई, सोमवारी किती वाजता निघता?”

जयाबाईंचा राग अजून उतरला नव्हता. “मले काय विचारता? भावनाले विचारा,” त्या म्हणाल्या. “लेकराले पाजून ते बाहेर येईन, तेव्हा निघू.”