सावलीतले बेडूक

भीमराजनं चिमट्यानं आतड्याचा शेवटचा तुकडा उचलला, मिठाच्या पाण्याच्या थेंबात हलकेच पिळला आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. थेंबात काहीच हललं नाही. धडधाकट बेडकाच्या आतड्यात एरवी दारव्ह्याचा आठवडी बाजार भरलेला असतो. पानासारखे चपटे, डोळ्यांना न दिसणारे जीव एकमेकांना धक्के देत फिरत असतात. इथं बाजार उठून गेला होता, आणि हा बेडूक तर गारव्यातल्या मडक्यातला होता.

उन्हात ठेवलेल्या बेडकांच्या पोटातले हे जीव मरतात, गारव्यातल्यांचे टिकतात, असं भीमराजचं म्हणणं होतं. त्यासाठी एक मडकं मागच्या पत्र्याच्या छपरीत होतं आणि दुसरं पाण्याच्या खोलीत, ओल्या रेतीवरच्या रांजणाशेजारी. दोन्हीकडे सारखंच निघालं, तर परवा नागपूरला शिष्यवृत्तीच्या निवड समितीपुढं दाखवायचं काय? जूनमध्ये कॉलेजातली तात्पुरती नेमणूकही संपायची होती. त्याची आई मथुराबाई तर साऱ्या वस्तीला सांगून बसली होती की पोरगा नागपूरला बेडकांचा डॉक्टर होणार.

बेडूक काढून आणायला तो स्वतः कधी जात नसे. प्रयोग सुरू करताना विभागप्रमुख वामनराव म्हणाले होते, "तुम्ही कशाला त्या खोलीत जाता-येता? मडकी रूपसिंग शिपाई नेऊन ठेवील, दोन्हीकडचे बेडूकही तोच आणून देईल." त्यातली मेख भीमराजला कळली होती. धम्मदीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती, पण पाण्याच्या खोलीपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नव्हती. प्रयोग हवा होता म्हणून तो गप्प बसला होता.

त्यानं आणखी एका बेडकासाठी रूपसिंगला हाक मारली. ओ आली नाही, म्हणून तो मागच्या दारानं बाहेर गेला. छपरीतले पत्रे उन्हानं तडतडत होते आणि खाली दोन्ही मडकी शेजारी शेजारी ठेवलेली होती. गारव्याच्या मडक्यावर त्यानंच चुन्यानं काढलेली फुली होती. त्याच्या पोटाला हात लावला तर ठेववेना.

कोपऱ्यात बसलेला रूपसिंग बिडी विझवून उठला.

"हे इथं कवापासून आहे?"

"पयल्याच दिवसापासून, मास्तर."

"काहून?"

रूपसिंगनं खाली पाहिलं. "तुमचा हात लागलेलं मडकं पियाच्या पान्याजवळ कसं ठेवाचं, म्हने सारे. वामनराव सायेब म्हनले, छपरीतच ठेव, त्यानं मागतलं का बेडूक नेऊन देत जा. त्याले सांगू नको, वाईट वाटन."

"बेडकं पाण्याजवळ चालत नसतीन म्हणून म्हटलं असन."

"सायबाच्या बेडकांची दोन मडकी हायत नं तिथं. दर उन्हाळ्यात असतात."

भीमराजला रडू येईल असा राग आला. प्रयोगापायी अपमान गिळला, आणि त्या अपमानानं प्रयोगच खाल्ला. किती बेडूक त्यानं फुकट फाडले होते.

तो सरळ पाण्याच्या खोलीत शिरला. आत अंधार होता आणि अंगाला बरं वाटेल असा गारवा होता. वामनरावांच्या मडक्यातला एक बेडूक उचलून तो बाहेर आला, तेव्हा दारात रूपसिंग कपाळाला हात लावून उभा होता.

"आता रांजन पूरा उपसा लागन, मास्तर. एवढ्या उन्हात विहिरीवर कोन जाईन?"

त्याचंही खरं होतं.

वामनराव आले तेव्हा दोन सूक्ष्मदर्शकांखाली दोन काचपट्ट्या तयार होत्या. भीमराजनं खुर्ची सरकवून दिली. पहिल्यात पाहून वामनराव दुसऱ्याकडे वळले. त्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! फरक अगदी उघड आहे. परवा नागपूरला हेच मांडा."

"मांडतो, सर."

"दुसरा कुठल्या मडक्यातला?"

"पाण्याच्या खोलीतल्या. तुमच्या."

वामनरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी रूपसिंगला तसं..."

"वाईट वाटलं, सर. पण प्रयोग चांगला झाला. बेडूक एकाच विहिरीतले. उन्हात राहिले ते माझे, सावलीत राहिले ते तुमचे."

"हे तिथं असं सांगणार तुम्ही?"

"कुठं ठेवले होते, ते विचारतातच."

वामनरावांनी चष्मा चढवला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "भीमराज, कालच पत्र आलं. निवड समितीवर या वर्षी मलाही घेतलंय."

"कचेरीत कळलं, सर," भीमराज म्हणाला. "म्हणूनच पयले तुम्हाले दाखवलं."