घड्याळकाकांची मोजणी

घड्याळकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते प्रयोगशाळेत कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाटल्यांत गुरांच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचं गुलाबी खाद्य शिळं होऊन पिवळं पडू लागलं की बदलायचं, हे तिथलं रोजचं काम. बाकीची मंडळी रंग बघून बदलत, काका घड्याळ बघून. ठरल्या तासाला म्हणजे ठरल्या तासाला. "केवढी शिस्त!" असं लोक म्हणत आणि काका विनयाने मान खाली घालत.

शिस्त कसली डोंबलाची! काकांना गुलाबी आणि पिवळं यांतला फरक दिसतच नव्हता. निळा तेवढा ओळखीचा. हिरवा त्यांनी आयुष्यभर फक्त ऐकलेला. ही गोष्ट बावीस वर्षं दोघांनाच माहीत होती. एक स्वतः काका आणि दुसऱ्या काकू, ज्या रोज सकाळी शर्ट हातात देत आणि मोज्यांच्या जोड्या गाठ मारून ठेवत.

झाकली मूठ अशी छान झाकलेली असताना शेवाळताईंचं घोडं अडलं. या ताई सूक्ष्म शेवाळाचा अर्क काढून पेशींना पाजत. खाद्यात घालतात ते वासराच्या रक्तातलं सीरम निम्म्यावर आणायचं आणि उरलेलं पोषण अर्कातून द्यायचं, असा त्यांचा खटाटोप. तीन वर्षांनी त्या निकाल घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या: अर्कावर पेशी दुप्पट वाढतात!

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मोजलं कुणी?"

"मीच."

"अर्काची बाटली कुठली, ते कळत होतं?"

"बाई, पेशीच हिरवट होतात. धुतल्या तरी जात नाही. न कळायला काय झालं?"

"मग स्वतःच्या लेकराचे गाल गुबगुबीतच दिसणार! यंत्राने मोजा."

"यंत्र शेवाळाचे कणसुद्धा पेशी म्हणून धरतं. काळेपांढरे फोटो काढावेत, तर मेलेल्या पेशी ओळखायला त्यांना दिलेला निळा रंग दिसत नाही."

"मग निळं दिसेल पण हिरवं दिसणार नाही असा माणूस शोधा. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर पेशी ठेवायच्या उबेच्या कपाटातला तुमचा खण दुसऱ्याला देते."

ताईंचा चेहरा उतरला. पलीकडे बाटल्या पुसणाऱ्या काकांच्या हातून एक बाटली पडता पडता वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"सांगून टाका मग," काकू म्हणाल्या.

"आणि कामावरून काढलं तर?"

"तर घरी बसून माझे पांढरे केस मोजा. तेवढा रंग दिसतो ना?"

काका गेले आणि मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभे राहून एका दमात बोलून मोकळे झाले. बाई आधी लालबुंद झाल्या, जे काकांना अर्थातच दिसलं नाही.

"बावीस वर्षं तुम्ही डोळे मिटून बाटल्या सांभाळल्यात?"

"मिटून नाही बाई. घड्याळ बघून."

बाईंनी खराब बाटल्यांची नोंदवही मागवली. बोट ओळीवरून ओळीवर फिरत राहिलं. रंग ओळखणाऱ्या सात जणांच्या नावावर एकूण एकतीस बाटल्या होत्या. काकांच्या नावावर एकही नव्हती.

बाईंनी वही मिटली. "बसा सूक्ष्मदर्शकापाशी."

बाटल्यांवर नुसते आकडे लिहिले. कुठला आकडा कशाचा, ती चिठ्ठी बाईंनी पर्समध्ये टाकली. काका तीन दिवस मोजत होते. ताई दारात येत, नखं कुरतडत आणि निघून जात.

"ताई, दारात उभं राहून पेशी वाढत नसतात."

"वाढल्यात का पण, काका?"

"मला काय माहीत, कुठल्या तुमच्या ते!"

चिठ्ठी उघडली. दुप्पट वगैरे काही नव्हतं. अर्क जास्त घातलेल्या बाटल्यांत तर निम्म्या पेशी मेलेल्या. पण बेताचा अर्क आणि निम्मं सीरम असलेल्या बाटल्या पूर्ण सीरमवाल्यांपेक्षा पाचव्या हिश्शाने पुढे होत्या. शिवाय काकांची परीक्षा म्हणून बाईंनी एकच बाटली वेगवेगळे आकडे लावून दोनदा त्यांच्यापुढे ठेवली होती. दोन्ही मोजण्या जवळजवळ सारख्या निघाल्या.

"पाचवाच हिस्सा," ताई पुटपुटल्या.

"पण खरा," बाई म्हणाल्या. "खण तुमचाच. आणि काका, पुढच्या मोजण्याही तुमच्याच."

ताईंनी डोळे पुसले आणि हसल्या. दुपटीपेक्षा हा पाचवा हिस्सा त्यांना हळूहळू जास्त आवडू लागला.

ताईंचा लेख छापून आला तेव्हा काकांनी एक ओळ काकूंना मोठ्याने वाचून दाखवली: मोजणी हिरवा रंग न दिसणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याने केली.

"आणि बावीस वर्षं त्या सहकाऱ्याचे शर्ट कुणी निवडले, ते?"

"ते नाही लिहिलं."

"मग आजचा कुठल्या रंगाचा आहे, ते मीही नाही सांगणार," असं म्हणत काकूंनी त्यांची कॉलर नीट केली.