खालच्या फळीवरची पुस्तके

मी एक जुनी पुस्तकगाडी आहे. शाळेच्या ग्रंथालयातली, लाकडी, तीन फळ्यांची. मोडक्या बाकांपासून मला घडवताना सुतार म्हणाला होता, "चार दिवस चालली तरी पुष्कळ." मित्रांनो, त्याच्या नातवंडांनीही माझ्यावरची पुस्तके वाचली. माझे एक चाक पहिल्यापासून कुरकुरे. मी वर्गाशी पोचायच्या आधी माझी कुरकुर पोचायची आणि मुले वह्या मिटून दाराकडे बघत बसायची. गणिताचे गुरुजी वैतागायचे, पण मी मनातून फार सुखावायची.

ग्रंथालयाच्या बाईंची एक रीत होती. शोधाच्या तासाला प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न आणायचा. बाई उत्तर द्यायच्या नाहीत, नुसते कपाट दाखवायच्या. "मी सांगितलं तर उद्या विसरशील," म्हणायच्या. शोध अर्धवट राहिला की पुस्तकांत कागदाच्या खुणा घालून ती माझ्या खालच्या फळीवर ठेवायची. तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

एका मुलीला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज बाकापलीकडे जात नसे. तिच्या आजोबांनी मधमाश्या पाळल्या होत्या. त्या भराभर मरायला लागल्या. आजोबांनी हाय खाल्ली आणि येत्या रविवारी सगळ्या पेट्या कुणाला तरी देऊन टाकायचे ठरवले. माश्या कशाने मरतात, एवढाच चिमणीचा प्रश्न होता. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती वाचत बसे. बघता बघता खालची फळी तिच्या पुस्तकांनी भरली.

नेमकी त्याच आठवड्यात शाळेची तपासणी आली. ग्रंथालय मंडळातल्या मुलांनी भलत्याच हौसेने आवराआवर केली. खालच्या फळीवरची पुस्तके कपाटांत गेली, खुणा केराच्या टोपलीत गेल्या. मला फडक्याने लख्ख पुसले. मला तोंड असते ना, तर मी तिथेच चार शब्द सुनावले असते.

चिमणी आली आणि रिकाम्या फळीकडे बघत उभी राहिली. माझा जीव नुसता तुटत होता.

"बाई, आम्हाला वाटलं पसारा आहे," मंडळाचा प्रमुख पुटपुटला.

"मग आता परत पसारा करा," बाई म्हणाल्या. "एकेक कपाट वाटून घ्या. मधमाशी दिसेल ते पान हिला दाखवा."

तासभर सगळा वर्ग फरशीवर फतकल मारून पाने उलटत होता. चिमणीने आजवर कीटकांचीच पुस्तके चाळली होती. वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलीच्या वाट्याला शेतीचे कपाट आले, आणि तिलाच ते पान सापडले. पीक फुलावर असताना दिवसा औषध फवारले, तर फुलांवर आलेल्या मधमाश्या मरतात. फवारायचेच असेल तर सूर्य मावळल्यावर फवारावे.

"शेजारचे काका भर दुपारी फवारतात," चिमणी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच दारापर्यंत गेला.

ते पुस्तक घेऊन आजोबा आणि नात शेजारी गेले. काका बिचारे ओशाळले. फवारणी संध्याकाळवर गेली आणि पेट्या घरीच राहिल्या. पुढे एकदा आजोबा ग्रंथालयात आले. माझ्या दांड्यावर हात टेकून म्हणाले, "बाई, पेट्या परत गुणगुणायला लागल्या."

बाई निवृत्त झाल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नवी लोखंडी गाडी आली आणि मी व्हरांड्यात बादल्या-झाडू सांभाळते आहे. त्या तासांची फार आठवण येते. मला पुन्हा आत न्या, असे म्हणावेसेही वाटते, पण माझा हट्ट नाही. मित्रांनो, एवढेच करा. खुणा घातलेले पुस्तक कुठे पडलेले दिसले, तर लगेच आवरू नका. कुणाचे आहे ते आधी विचारा. त्याच्या घरीही कुणीतरी उत्तरासाठी रविवारपर्यंतच थांबणार असेल.