मुखरू मिस्त्रीचा बुद्ध

वामनराव मास्तरांनी पंच्याची गाठ सोडली आणि आतला हात विहाराच्या पायरीवर ठेवला. मनगटापासून तुटलेला, तळवा पुढे केलेला, सिमेंटचा हात. मुखरू मिस्त्रीने तो लगेच उचलला नाही. निरोप मिळताच सिंदेवाहीहून दुपारच्या एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे दोन कोस पायी येऊन तो दमला होता. त्याने आधी पाणी मागितलं.

"पानी मंग पेजा, मिस्त्री," दसरू म्हणाला. वस्तीतल्या तरुणांत तोच पुढारी. "हात जोडू नोका अजून. पोलिसाईले दाखवाचा आहे."

"पोलीस काऊन?"

दसरूने मोहाच्या झाडाकडे बोट केलं. झाडाखाली इसरू गुराखी उकिडवा बसला होता आणि दोघं जण त्याच्यावर पहारा देत होते. इसरू वरच्या मोहल्ल्यातला. त्याची बाही फाटली होती, ओठ सुजला होता.

"काल संध्याकाळी विहारापाशी हाच होता, काठी घेऊन. सकाळी पाह्यलं तं हात खाली."

"गाय हाकलाले आलतो, भाऊ," इसरू तिथूनच म्हणाला. "तुमच्याच फुलझाडात घुसली होती."

"चूप बस!"

वामनरावांनी मुखरूला पाण्याचा गडवा दिला आणि हळू आवाजात सांगितलं, की वरच्या मोहल्ल्यातले लोकही मारुतीच्या पारावर जमले आहेत. त्यांचा माणूस धरून ठेवलाय, म्हणून काठ्या बाहेर निघाल्यात.

मुखरू मूर्तीसमोर जाऊन बसला. ही त्याची नववी. त्यानंतर आणखी बारा झाल्या होत्या. पोटासाठी तो गवंडीकाम करायचा, पण आसपासच्या खेड्यांत त्याची ओळख बुद्ध करणारा मिस्त्री अशीच होती. छप्पन साली त्याचे वडील चांद्याहून दीक्षा घेऊन पायी परत आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून आले. भिंतीतली देवळी रिकामी झाली. चौदा वर्षांचा मुखरू जेवताना त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहायचा. मग एके दिवशी त्याने तळ्यातून चिकणमाती आणली आणि कॅलेंडरवरच्या चित्राकडे पाहत वीतभर बुद्ध केला. वडिलांनी तो उचलून देवळीत ठेवला, आणि कधी कुणाला न जोडलेले हात जोडावेत तसे सावकाश जोडले. तेव्हापासून मुखरूला दुसरं काही करावंसं वाटलं नव्हतं. आता सिमेंटने त्याची बोटं खाल्ली होती. पेरापेराला भेगा होत्या, भाकरी मोडताना रक्त यायचं.

त्याने तुटलेला हात उलटा करून पाहिला. आतली सळई गंजून फुगली होती, तिचे पापुद्रे सुटत होते. तड्याची कड काळी पडली होती. ती कालची नव्हती, दोन-तीन पावसाळ्यांची होती.

त्याला सगळं आठवलं. एकोणऐंशी साल. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि तहसीलमधून निम्मंच मिळालं होतं. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. त्याने वाळू वाढवली. मोडलेल्या मोरीतल्या जुन्या सळया न घासता तशाच वापरल्या. पुरतं पाणीही मारलं नाही. आत कोण बघतंय, असं तेव्हा मनात आलं होतं.

"मास्तर, इकडं या जरा."

वामनराव जवळ आले.

"हा कोनं तोडला नाई. माह्याच कामानं तुटला."

वामनरावांनी सळईवरून बोट फिरवलं. "मुखरू, पंधरा दिवसानं तालुक्याची कमिटी बसते. दहा फुटाचा उभा बुद्ध. तुहं नाव मीच लावून धरलं आहे."

"माहीत आहे मले."

दोन वर्षं तो त्या उभ्या बुद्धाचा विचार करत होता. घरच्या भिंतीवर कोळशाने काढून ठेवला होता. त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, त्यापायी दोन दिवाळ्या भिंत सारवली नव्हती.

"तू काई बोलू नोको," वामनराव म्हणाले. "पुरावा नाई म्हनून मी इसरूले सोडाले लावतो. भागते."

मुखरूने झाडाखाली पाहिलं. "सुटन तो. पन उद्यापासून हात तोडनारा इसरूच म्हनतीन त्याले. त्याच्या लेकरायलेही."

तो उठला. पायरीवर येऊन त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सळई जुनी होती, माल कमजोर होता, चूक माझी आहे.

"तुमी भिऊन बोलून राह्यले," दसरू म्हणाला. "वरच्या मोहल्ल्याले भिले तुमी."

मुखरूने पिशवीतून छन्नी-हातोडी काढली. मूर्तीचा डावा हात मांडीवर शाबूत होता. त्याने त्या हाताच्या कोपरावर छन्नी टेकवली.

"अरे बापा, नोको!" म्हातारी ठमाबाई ओरडली.

त्याने दोनच घाव घातले. कोपराचा थर ढलपा होऊन खाली आला. आत तशीच सळई होती, लाल, पापुद्रे सुटलेली.

"याले तं कोनाची काठी लागली नाई ना?" मुखरूने विचारलं.

इसरूवर पहारा देणारे दोघे बाजूला झाले. इसरू उठला, पण लगेच गेला नाही. मूर्तीकडे पाहून त्याने नमस्कार केला आणि मग मान खाली घालून वरच्या मोहल्ल्याकडे चालू लागला. वामनराव त्याच्याबरोबर पारापर्यंत गेले.

दसरू मूर्तीसमोर उभा होता. "सात वर्षं आमी हात जोडले याले," तो म्हणाला. रागाने नव्हे, थकल्यासारखं.

"मीही जोडले," मुखरू म्हणाला.

तो बारा दिवस तिथेच राहिला. दोन्ही हात खांद्यापर्यंत फोडून नव्याने केले. ठमाबाई जेवण द्यायची, पण एक शब्दही बोलायची नाही.

कमिटीने तालुक्याचं काम नागपूरच्या मूर्तिकाराला दिलं. सांगायला वामनराव स्वतः घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी अडखळत विचारलं, "मूर्तीखालचा ओटा बांधशीन का?"

सुगंधाबाई चुलीपासून उठून आत निघून गेली.

"बांधतो," मुखरू म्हणाला.

ओट्यासाठी त्याने एकेक सळई तारेच्या ब्रशने घासली. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन पाणी मारलं. तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

अनावरणाच्या दिवशी जत्रेसारखी गर्दी झाली. मुखरू मागे कडुनिंबाखाली बसून राहिला. सुगंधाबाई रांगेत उभी राहून दर्शन घेऊन आली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"चांगला आहे. लय शांत चेहरा आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "ओटा तं फुलाखाली दिसूनच नाई राह्यला."

"दिसाचा नाईच," मुखरू म्हणाला, आणि तिला सावलीत बसता यावं म्हणून थोडा बाजूला सरकला.