मिल गल्लीची हरकत

“या गल्लीत तुम्हाला मिळतं काय?” मुख्याधिकारी मॅडमनी नकाशावर पेनाचं टोक ठेवून विचारलं.

नगर पंचायतीचा घोषणांचा ऑटो चालवणारे इनायतभाई उभेच होते. खुर्ची दाखवली तरी साहेबांच्या केबिनमध्ये ते कधी बसत नसत. “पुराना रूट आहे मॅडम,” ते म्हणाले.

“चार घरं. त्यातली तीन बंद. नळ एकही नाही. मग नळाची वेळ तिथं कोणाला सांगता?”

मी आवक-जावकचा बाबू. सहीचं रजिस्टर छातीशी धरून मागं उभा होतो. उत्तर मलाही ऐकायचं होतं, कारण या प्रश्नाचा हिशोब मी केव्हाचा मनात मांडून ठेवला होता. मुख्य रस्ता सोडून मिल गल्लीत शिरायचं, बंद पडलेल्या राइस मिलच्या फाटकापर्यंत जायचं, आणि वळायला जागा नाही म्हणून सगळी गल्ली रिव्हर्समध्ये परत यायचं. तोटा म्हणजे डिझेल, क्लच आणि वर्षाला एखादा मागचा दिवा. फायदा दीड मिनिट. रिव्हर्समध्ये ऑटो हळू चालतो, आणि चालवणाऱ्याचं तोंड गल्लीकडेच राहतं.

गल्लीच्या शेवटच्या घराच्या दारात त्या वेळी वच्छलाबाई उभी असायची.

बस, एवढंच. गेली बत्तीस वर्षं कोसमघाटच्या लोकांनी या ‘एवढंच’मध्ये आपापल्या परीनं भर घातली, पण कोणाच्या हाती पुरावा लागला नाही. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव तसं पुराव्याची वाट पाहत थांबणारं नाही. या बाबतीत मात्र थांबलं. इनायतभाई गावात कोणी मेलं तर ती बातमी सांगायचे, हरवलेल्या म्हशीची सांगायचे, धरणाची दारं उघडली की नदीकडे जाऊ नका म्हणायचे, मोहफुलांच्या दिवसांत वाघ फिरून राह्यला, एकट्यानं जंगलात जाऊ नका म्हणून पहाटे ओरडायचे. अशा माणसाची बातमी करायला गाव जरा कचरत असावं.

मला ठाऊक आहे ती सुरुवात एवढीच. साक्षरता वर्गांच्या दिवसांत ग्रामपंचायतीसमोर एक मेळावा झाला होता. वच्छलाबाईचा नवरा पत्रू त्याच्या आदल्या वर्षी धानाच्या ट्रकखाली गेला होता. ती चोवीस-पंचवीसची, मिलमध्ये कोंडा चाळायला जायची आणि संध्याकाळी वर्गात पाटी घेऊन बसायची. नवसाक्षर म्हणून तिला स्टेजवर वाचायला बोलावलं. माइक तिच्या कपाळाशी. ती तशीच टाचा उंचावून वाचायला लागली तेव्हा माइकवाल्या इनायतनं पुढं होऊन दांडी सैल केली आणि माइक तिच्या ओठांपर्यंत खाली आणला. तिनं चार ओळी वाचल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इनायत टाळ्या वाजवायचा विसरला, असं माझी आई सांगायची.

त्याचं लग्न तेव्हा झालेलं होतं.

“रूटवर ऑनलाइन लक्ष राहणार आहे आता,” मॅडम म्हणाल्या. माणूस वाईट नाही. नाशिककडची, कामाची, आणि काम म्हणजे कागद असं मानणारी. “नवा मार्ग प्रसिद्ध करू, हरकती मागवू. नियमाप्रमाणे होईल. घोषणा तुम्हीच करा.”

म्हणजे आपली गल्ली बंद होणार हे गल्लीत जाऊन इनायतभाईंनीच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो निघाला. “नगर पंचायत कोसमघाट तर्फे सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, ध्वनिक्षेपण वाहनाच्या नव्या मार्गातून मिल गल्ली वगळण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे.” हे वाक्य आयुष्यात त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. घरपट्टी वाढली तेव्हा म्हटलं, बाजार हलवला तेव्हा म्हटलं, स्मशानाची जागा बदलली तेव्हाही म्हटलं. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत एकही लेखी हरकत आलेली नाही. लोक पानठेल्यावर हरकत घेतात.

माझं घर इनायतभाईंच्या घराला लागून. मधली भिंत एका विटेची. मागचं आंगण मिलच्या पडीक शेताकडे उघडतं, त्यामुळे ऑटो मिल गल्लीत शिरला की शेतावरून आवाज सरळ आमच्याकडे येतो. सकाळी सात वीसला. आणि बरोबर सात वीसला त्यांची बायको खैरूनबी मिक्सर लावते. स्टँडवरच्या हॉटेलला ती समोसे पुरवते, त्याचं मिरची-लसणाचं वाटण. मिक्सर आला नव्हता तेव्हा पाटा असायचा, आणि पाट्याचाही आवाज त्याच वेळी वाढायचा. सुरुवातीला मला वाटे योगायोग आहे. लग्न झाल्यावर माझ्या बायकोनं दोन दिवसांत मला शहाणं केलं.

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून खैरूनबीचा आवाज आला, “काढा पी के जाओ. सात दिन का काम है, गला संभालो.”

“गला ठीक है,” इनायतभाई म्हणाले.

“वही तो बोल रही. ठीक है तो संभालो.”

रोज संध्याकाळी पाचला ते ऑफिसात यायचे. आधी पाण्याच्या माठाजवळ उभे राहायचे, मग भिंतीवरचं मतदार यादीचं पत्रक वाचायचे, मग माझ्या टेबलाशी.

“बाबूजी, आवकमध्ये काही?”

“मच्छर मारायच्या पावडरीचं एक पत्र आहे.”

“अजून?”

“तलाठ्याची रजा.”

“हाव,” म्हणून ते जायचे.

चौथ्या दिवशी मी चिडवलंच. “इनायतभाई, तुम्हीच टाका ना एक हरकत.”

“मी काऊन टाकू? मी कुठी राह्यतो त्या गल्लीत?” ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला रजिस्टरची पानं उलटावी लागली.

पाचव्या, सहाव्या दिवशी तेच. घोषणेत मात्र फरक पडला होता. बाकी गावात ‘हरकत असल्यास’ एकदा यायचं, शेतावरून माझ्या कानावर दोनदा यायला लागलं. दुसऱ्या वेळी जरा सावकाश. मिक्सरच्या घरघरीतूनही कळायचं.

सातव्या दिवशी पावणेसहाला मी शिक्का पेटीत ठेवत होतो. दारात वच्छलाबाई. छप्पन-सत्तावन वर्षांची, डोक्यावर पदर, पायात घासलेली चप्पल, हातात वहीचं पान चार घड्या करून. इतकी वर्षं गावात राहून ऑफिसची पायरी ती पहिल्यांदा चढली असावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते, तिथून सरळ आली होती, अंगाला हळदीचा वास होता.

“हे घ्या जी. आन् पोच द्या.”

पोच मागायची असते हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे. मी पान उघडलं. पाटीवर गिरवलेलं अक्षर, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी. ‘मिल गल्लीत गाडी येने बंद करू नये. नळाचा टाइम समजनार नाई. वच्छला पत्रू.’

“बाई,” मी म्हणालो, “तुमच्या गल्लीत नळ कुठी आहे?”

“नाई.”

“मग?”

“आला तं? टाइम कोन सांगन?”

“तुमच्या आंगणात तर विहीर आहे. अर्धं गाव एके काळी त्या विहिरीचं पाणी प्यायचं.”

“विहिरीले कोनी भोंगा लावून सांगत नाई ना, बाबूजी.” आणि ती हसली. मला वाटलं मी काही पाहायला नको होतं ते पाहिलं. “कारन पायजे म्हन्ते ना सरकारले. हे कारन आहे. मारा शिक्का.”

मी मारला. आवक क्रमांक दिला. ती पायऱ्या उतरून गेली तेव्हा इनायतभाई माठाजवळच उभे होते, हातात रिकामा ग्लास. दोघं एकमेकांपासून पाच हातांवर होती. दोघांच्या मध्ये या वेळी माइक नव्हता. तिनं पदर सारखा केला, त्यांनी ग्लास माठावर पालथा ठेवला.

“आवकमध्ये काही?” त्यांनी मला विचारलं.

“एक आहे.”

त्यांनी पान हातात घेतलं नाही. टेबलावर होतं तसंच, मान तिरकी करून वाचलं. वाचायला तीन ओळी, लागली पाच मिनिटं.

मॅडमनी हरकत फेटाळली. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही, गल्लीत नळ नव्हताच. उत्तराचा मसुदा मी लिहिला. ‘सदर गल्लीत नळजोडणी नसल्याने हरकत अमान्य करण्यात येत आहे.’ इथं पूर्णविराम होता. तो खोडून मी पुढं लिहिलं, ‘तथापि जोडणी घेतल्यास मार्गाचा फेरविचार करता येईल.’ साहेब लोक ‘तथापि’च्या पुढचं वाचत नाहीत. सही झाली. मला वाटलं, बाईला बरं वाटेल. बाईनं ते खरं धरलं.

पंधरा दिवसांत ती नळाचा अर्ज घेऊन आली. अनामत भरावी लागेल, रस्ता खोदायचा खर्च अर्जदारावर, मी सगळं सांगितलं. म्हणालो, “बाई, राहू द्या. विहिरीचं पाणी गोड आहे.”

“तुमीच लिवलं ना कागदावर?” ती म्हणाली.

मी अर्जावर शिक्का मारला. त्या हंगामात शाळा सुटल्यावर ती लोकांच्या बांध्यांत धान कापायला जाताना दिसायची.

त्या पाच महिन्यांत ऑटो मिल गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि सरळ निघून जायचा. सात वीसला शेतावरून काही येत नसे. मिक्सर चालायचा, पण आता तो नुसता मिक्सर होता. एकदा आंगणात दात घासताना मी भिंतीवरून म्हटलं, “इनायतभाई, संध्याकाळचे फिरत जाऊन या ना तिकडून. रस्ता काय कोणाच्या बापाचा आहे?”

ते नळीनं ऑटो धूत होते. पाणी बंद केलं. “बिना माइकचा जाऊन काय बोलू, बाबूजी?”

मग दिवाळीनंतर नवा हुकूम आला. घोषणा आता कचरागाडीवरच्या भोंग्यावरून, रेकॉर्ड केलेली. वेगळा ऑटो नको. मॅडम म्हणाल्या, “आवाज मात्र तुमचाच हवा. गावाला सवय आहे.” इनायतभाईंना शाल-श्रीफळ दिलं, फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, त्याला एकशे बारा जणांनी अंगठा दाखवला. एका दुपारी केबिनचा पंखा बंद करून मोबाइलवर रेकॉर्डिंग झालं. नळ, घरपट्टी, लसीकरण, पूर, वाघ, सगळं मिळून बावीस घोषणा. मोबाइल टेबलावर होता, तरी त्यांनी सवयीनं उजवी मूठ तोंडासमोर धरली होती.

नळाच्या घोषणेच्या शेवटी ते थांबले आणि कागदावर नसलेलं म्हणाले, “मिल गल्लीच्या लोकांनीही लक्ष द्यावे.”

“मिल गल्ली मार्गात नाही,” मॅडम म्हणाल्या.

“जोडणी मंजूर आहे मॅडम,” मी मागून म्हणालो. “पुढच्या आठवड्यात पाइप टाकतात.”

इनायतभाईंना मी ते आधीच सांगितलं होतं. नळ येणार, गाडी जाणार, आवाज जाणार, आपण जाणार नाही, हे सगळं माहीत असून त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा म्हटली. “मघाशी ‘लक्ष’वर आवाज फाटला,” म्हणाले. फाटला नव्हता.

नळ आला. कचरागाडीवर धनराज आहे, चाळिशीचा, पोट सुटलेला, मिळेल त्यात खूश असणारा माणूस. महिन्याभरानं चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “बाबूजी, ते मिल गल्लीवाली बाई लय चांगली आहे जी. नळ आला का पयला लोटा भरून पायरीवर ठेवते. मी पिऊन घेतो. एवढ्या सकाळी कोन पाजते?”

“बोलते काही?”

“नाई. गाडीकडे पाहात राह्यते. मायाकडे नाई हां, वर भोंग्याकडे. मी गाडी मागं घेतो तवाबी तिकडेच पाहाते.” त्यानं बशीतला चहा संपवला. “लोटा पितळेचा आहे, घासलेला. पाहुन्यासाठी ठेवते तसा.”

घरी येऊन मी हिशोब लावला, सवय आहे. नगर पंचायतीला एक नळधारक मिळाला. मॅडमचा मार्ग नियमात बसला. धनराजला पाणी. वच्छलाबाईनं अनामत भरली, खोदाई भरली, आणि आंगणात गोड पाण्याची विहीर असून दरवर्षी नळपट्टी भरत राहील. तिला ‘तथापि’त पाडलं मी, पण माझ्या खिशातून काही गेलं नाही. इनायतभाईंनी आवाज दिला आणि दीड मिनिट गमावलं. एवढ्यावर वही मिटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंगणात ब्रश करत होतो. इनायतभाई भिंतीपलीकडे खाटेवर, शेताकडे तोंड करून. आत मिक्सर चालू होता. सात वीसला शेतावरून पहिला शब्द आला, “नगर पंचायत”, आणि मिक्सर बंद झाला.

मला वाटलं लाइट गेली. आमच्या घरातला बल्ब चालू होता.

त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. खैरूनबी ओट्याशी उभी होती, एक हात भांड्याच्या झाकणावर, दुसरा बटणावर. वाटण अर्धंच झालं होतं, मिरच्यांचे तुकडे वरून दिसत होते. समोसे आठला स्टँडवर पोहोचवायचे असतात. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, त्यानंही मागं वळून पाहिलं नाही. मिल गल्लीच्या लोकांनीही लक्ष द्यावे, असं होऊन गेलं, गाडी मागं येत येत रस्त्याला लागली, भोंगा बाजाराकडे वळला.

मग तिनं बटण दाबलं.