पंधरा पूर्णांक दोन

मामाच्या गाडीचा मीटर पंधरा पूर्णांक दोन किलोमीटर दाखवत होता. मामाच्या वहीतही पंधरा पूर्णांक दोनच होतं. मला पहिली शंका आली ती यामुळेच.

प्रयोगशाळेत मी रबराच्या चाचण्या करते. तिथे मोजलेला आकडा आणि अपेक्षित आकडा तंतोतंत जुळला की आनंद अर्धा मिनिट टिकतो. मग कुठे चुकलं ते शोधायला बसावं लागतं.

मामा मोटारींच्या कारखान्यात तपासनीस होता. आयुष्यभर त्याने दोन पत्र्यांमधल्या फटी आणि दांड्यांच्या जाड्या मोजल्या. कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. कारखान्याने एकदा दोन आसनांची एक स्पोर्ट्स कार काढली, फक्त दोनशे. शेवटची गाडी कामगारांमध्ये चिठ्ठ्या टाकून द्यायची ठरली आणि चिठ्ठी मामाची निघाली. गडद हिरवी, बुटकी, पुढचे दिवे झोपेतून उठल्यासारखे. ट्रकवर चढवून तो ती घरी घेऊन आला तेव्हा मीटरवर कारखान्यातल्या चाचणीचे नऊ किलोमीटर होते. त्या दिवसापासून गाडी गॅरेजबाहेर गेली नाही.

“दोनशेपैकी दोनशेवी आहे. रस्त्यावर नेली की बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांसारखी होईल,” मामा म्हणायचा.

मामी गाडीला ‘पाहुणी’ म्हणायची. “पंचवीस वर्षं झाली, पाहुणी जायचं नाव घेत नाही. बरं, कामाला हात लावील, तर तेही नाही.” हे मामीने म्हणावं यात गंमत होती. घरात खरी ड्रायव्हर तीच. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. मामा घरची साधी गाडी मागे घ्यायचा तेव्हा गल्लीतली मांजरंसुद्धा भिंतीवर चढून बसायची.

गाडी नुसती उभी ठेवली तर बिघडते, हे मामाला ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी सकाळी दहाला तो दार उघडायचा, इंजिन चालू करायचा, गरम होऊ द्यायचा आणि गाडी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर पुढे आणून तेवढीच मागे न्यायचा. जमिनीवर त्याने दोन पिवळ्या रेघा आखल्या होत्या. पुढचं चाक एका रेघेपासून दुसऱ्यापर्यंत, आणि परत. एका रविवारचे चार मीटर ऐंशी, वर्षाचे अडीचशे मीटर, पंचवीस वर्षांचे सहा किलोमीटर आणि वर थोडं. नऊ अधिक सहा पूर्णांक दोन. बेरीज चोख.

गेल्या वर्षी मामाच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. कडेचं दिसतं, पण मधोमध राखाडी डाग. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. त्यानंतर दोन महिन्यांनी एका मोटार संग्रहालयाचं पत्र आलं: गाडी कधीही चालवलेली नसेल तर ती त्यांना हवी होती. शनिवारी त्यांचा माणूस येणार होता. मामाने मला आदल्या दिवशी बोलावून घेतलं.

“तू शिकलेली आहेस. एकदा तपास आणि कागदावर लिहून दे. माझ्या डोळ्यांवर आता माझाच विश्वास नाही,” तो म्हणाला.

“पण द्यायची आहे का तुला?”

तो जरा वेळ बोनेटवर हात फिरवत राहिला. “चालवायला डोळे नाहीत. इथं ठेवली तर आमच्या मागे कोण बघणार? तिथं काचेत राहील. नीट राहील.” मग हळूच म्हणाला, “एकदा तरी चालवायला हवी होती, असं वाटतं कधी कधी. पण आता ते राहू दे.”

मी टायरपासून सुरुवात केली, कारण ते माझं काम. मागचं एक चाक जॅकवर उचललं, पुढच्या चाकांना ठोकळे लावले आणि मामाचाच डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, टायरला टेकवून चाक सावकाश फिरवलं. जड गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. गाडी जेवढी पुढे तेवढीच मागे नेली, तर चाक फिरून पुन्हा त्याच जागेवर येऊन टेकतं. मामासारखा रेघेवर नेमकी गाडी थांबवणारा माणूस असेल तर हमखास तीच जागा. म्हणजे या टायरवर एकच खोल चपटा भाग असायला हवा होता. तो नव्हता. त्याऐवजी चहूबाजूंनी उथळ खळगे होते. मी एकवीस मोजले; काही एकमेकांत मिसळलेले होते.

पंचवीस वर्षांत एवढे, म्हणजे कोणीतरी साधारण वर्षातून एकदा गाडी हलवून टायरच्या वेगळ्याच भागावर उभी करत होतं.

मग मी मीटर तपासला. गिअर मोकळा ठेवून उचललेलं चाक शंभर वेळा पुढच्या दिशेने फिरवलं. एकच चाक उचललेलं असलं की मीटर निम्म्याने सरकतो, पण सरकतो. शेवटच्या घरातला दोन जवळजवळ तीनवर गेला. मग शंभर वेळा उलटं फिरवलं. तीन खाली गेला, दोन परत आला.

हा मीटर मागे जाताना उलटा फिरत होता. पुढे गेलेले दोन मीटर चाळीस मागे येताना पुसले जात होते. मामाच्या तेराशे रविवारांची बेरीज शून्य होती. मीटर नऊवरच असायला हवा होता.

मामी कपड्यांची टोपली घेऊन दारात उभी होती. “काय गं, चाक फिरवून वीज काढतेस की काय?”

“मामी, ही गाडी कोणीतरी चालवली आहे. सहा किलोमीटर.”

तिने टोपली खाली ठेवली. आधी मागे वळून घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बसमध्ये दंगा करणाऱ्या पोरांकडे आरशातून पाहायची सवय असलेली नजर होती ती. पण तिनेच ती आधी खाली घेतली.

“शहाणे, तुला कोणी सांगितलं होतं इतकं शिकायला?”

मग ती टोपली उलटी घालून त्यावर बसली आणि सांगू लागली.

“पहिल्या वर्षाच्या शेवटी त्यांनी मीटर बघितला. त्यांच्या हिशेबाने नऊ पूर्णांक दोन हवे होते. होते नऊ. झालं! माणूस जेवेना. म्हणे, मीटर अडकलाय, उघडावा लागेल. आणि उघडायचा म्हणजे कारखान्याचं सील तोडायचं. तोडवतही नाही, राहवतही नाही. असे आठ दिवस. मग कारखान्याचे गेज तपासून आणायला ते दोन दिवस बाहेरगावी गेले. मी म्हटलं, या आकड्याला काय होतंय बघू. गाडी काढली, बागेला एक फेरी मारली, परत रेघेवर आणून लावली. रेघ त्यांनीच आखून ठेवली होती, मला सोपं गेलं. आले, बघतात तर नऊ पूर्णांक दोन. म्हणाले, ‘बघ, चाकं थोडी हलवल्यावर आपोआप सुटलं.’ त्या दिवशी दोन वेळा भात घेतला.”

मामाच्या गल्लीच्या टोकाला गोल बाग आहे. घरापासून निघून, बागेला वळसा घालून परत यायला अडीचशे मीटर लागतात. हे मी नंतर मोजलं.

“आणि मग दरवर्षी?”

“दरवर्षी. ते दोन दिवस गेले की मी एक फेरी. निवृत्तीनंतर ते जुन्या दोस्तांच्या मेळाव्याला जातात, तेव्हा. लाँड्रीवाला तर वाट बघायचा. ‘काय वहिनी, या वर्षीची फेरी झाली का?’ सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. फक्त यांना नाही.”

मला हसू आलं. तिला नाही आलं.

“उद्या लिहिशील हे?” तिने विचारलं.

“लिहायला लागेल ना. ‘कधीही चालवलेली नाही’ असं मी कसं लिहू?”

“तुझं बरोबर आहे.” ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “पण डोळे गेले. गाडी उद्या जाईल. आता त्यांचा हिशेबही खोटा होता म्हणून सांगितलंस, तर त्या माणसाकडे राहिलं काय? आणि मी पंचवीस वर्षं तोंड मिटून बसले, ते निराळंच.”

मी चाक खाली घेतलं, गेज पुसून डबीत ठेवला, आणि त्या संध्याकाळी कागदावर फक्त टायरची मापं लिहिली.

शनिवारी दुपारी संग्रहालयाचा माणूस आला. नम्र, मृदू आवाजाचा, हातांत पांढरे सुती हातमोजे. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि देवघरात बोलावं तसं हळू बोलला.

“अप्रतिम. इतकी जपलेली गाडी मी पाहिलेली नाही. आमच्याकडे बारा महिने एकच तापमान असतं. पेट्रोल, तेल, पाणी सगळं काढून टाकतो. मग काहीच होत नाही गाडीला.”

“तेल काढून टाकता?” मामाने विचारलं. “मग सुरू कशी करता?”

“सुरू नाही करत, साहेब.”

“रविवारी?”

“कधीच नाही.”

मामाचा हात बोनेटवरून दाराच्या फटीवर गेला. बोटाच्या टोकाने त्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. ती फट त्यानेच कारखान्यात मोजली होती.

कागद गाडीशेजारच्या टेबलावर ठेवले. मामाला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिसरी ओळ होती: ‘ही गाडी रस्त्यावर कधीही चालवलेली नाही, असे मी प्रतिज्ञेवर सांगतो.’

“बरोबर आहे,” मामा म्हणाला आणि पेन उघडलं. “बोट ठेव.”

हल्ली सही करताना त्याला असंच लागायचं. सहीच्या जागी आपण बोट ठेवायचं, मग तो बोटाला लागून पेन चालवायचा. वीजबिलापासून बँकेपर्यंत सगळीकडे हेच.

माझं बोट हललं नाही.

“अगं, बोट कुठंय?”

मी मामीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिच्या हातात ट्रे होता. तो तिने खिडकीत ठेवला.

“ती नाही ठेवणार,” मामी म्हणाली. “अहो, ही गाडी मी चालवली आहे. पंचवीस वेळा. बागेला फेरी मारून आणायची मी. तुमचा मीटर मागे जाताना उलटा फिरतो. आकडा तुमच्या वहीशी जुळावा म्हणून चालवली.”

संग्रहालयाच्या माणसाने मोजे घातलेले हात पाठीमागे घेतले. बाहेर लाँड्रीवाल्याचं शटर खडखडत वर गेलं.

मामा मान किंचित तिरकी करून मामीकडे पाहत होता. चेहरा पाहायचा असला की त्याला आता असंच, कडेने पाहावं लागतं.

“म्हणजे माझी बेरीज चुकली,” तो शेवटी म्हणाला.

“बेरीज बरोबर होती, मामा,” मी म्हटलं. “वजाबाकी राहिली.”

“तेराशे रविवार.” तो खुर्चीवर बसला. “मायक्रॉन म्हणतात मला. मायक्रॉन!” त्याचा आवाज फाटला आणि मला वाटलं, सांगायला नको होतं. मग त्याने विचारलं, “कुठला गिअर?”

“काय?” मामी म्हणाली.

“बागेच्या वळणावर. कुठला गिअर टाकायचीस?”

“पहिलाच. सगळी फेरी पहिल्यात.”

“पंचवीस वर्षं पहिल्यात?” मामा ताडकन उठला. “अगं, पाच गिअर आहेत तिला! दुसऱ्या गिअरचं दातचाक मी स्वतः पास केलंय. एकदाही टाकला नाहीस?”

“अडीचशे मीटरात कशाला टाकू? आणि तेवढ्या आवाजानेही शेजारी बाहेर यायचेच.”

“शेजाऱ्यांना ठाऊक होतं?”

मामी हसू दाबत होती. मामाला ते दिसलं नसावं, पण कळलं. त्याच्या खांद्यांचा ताठा हळूहळू उतरला.

“तुमच्या झोपेसाठी केलं हो,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.” त्याने टेबल चाचपून पेनचं टोपण शोधलं आणि लावलं. “साहेब, तिसरी ओळ माझ्याच्याने लिहून होणार नाही.”

“मग मला वर विचारावं लागेल,” तो माणूस अवघडून म्हणाला. “आमच्याकडे नियम असा आहे की...”

“विचारा. सावकाश विचारा.” मामाने गाडीचं दार उघडलं, पण चालकाच्या बाजूचं नव्हे. तो वाकून, छतावर हात धरून दुसऱ्या आसनात बसला. या आसनावर पंचवीस वर्षांत कोणी बसलं नव्हतं. कारखान्याचं प्लॅस्टिक त्याच्याखाली करकरलं. “काय गं, बसमध्ये सगळी पोरं चढेपर्यंत अशीच उभी राहायचीस का? चल.”

मामीने हात पदराला पुसले. “चपला काढू का?”

“चपला कशाला काढतेस? गाडी आहे ती.”

“टायर जुने आहेत,” मी ओरडले. “रबर कडक झालंय. ताशी वीसच्या वर नको!”

“बघा, आली सरकारी सूचना,” मामी म्हणाली आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिली पिवळी रेघ ओलांडून गेली, मग दुसरी. फाटकाबाहेर पडताना मामाचा हात खिडकीतून बाहेर होता. लाँड्रीवाला दारात आला, आत कोण बसलंय ते बघून त्याने कपाळाला हात लावला. संग्रहालयाचा माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने नकळत मोजे काढून खिशात टाकले.

गाडी बागेमागे दिसेनाशी झाली. आता नुसता आवाज येत होता. इंजिनाचा सूर चढत गेला, चढत गेला. मग क्षणभर थांबला. आणि पुन्हा लागला तेव्हा तो खाली, भरदार लागला.

“दुसरा,” तो माणूस पुटपुटला.

बागेचा वळसा पूर्ण झाला. हिरवं नाक कोपऱ्यावर दिसलं. मी फाटक पूर्ण उघडून बाजूला उभी राहिले. गाडी आमच्या समोरून सरळ पुढे निघून गेली, दुसऱ्या फेरीला. मामी समोर बघत होती. मामा डोळे मिटून बसला होता, आणि त्याचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर, तिच्या हातावर होता.