पाणीही गाईचं

हेसुकने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मांसाच्या नमुन्यांच्या रेघा वर चढल्या होत्या, ते ठीक. पण शेवटच्या नळीत नुसतं शुद्ध पाणी होतं आणि त्याचीही रेघ चढली होती. म्हणजे यंत्राच्या मते पाणीसुद्धा अस्सल देशी हानू गाईचं!

कोरियातल्या चॉन्जू शहराच्या या प्रयोगशाळेत खानावळींतलं मांस तपासायला येई. यंत्र नळ्या तापवतं, गार करतं आणि हव्या त्या जातीचा डीएनए दरवेळी दुप्पट करत नेतं. तो वाढला की नळी उजळते. मुळात जास्त असला तर लवकर उजळते. पाण्यात काहीच नसतं, म्हणून त्याची रेघ आडवीच राहायला हवी. ती उठली की अख्खी फेरी बाद.

आणि नेमका आजच पांगमावशींचा नमुना होता. हानूच्या नावाखाली त्या परदेशी मांस रांधतात, अशी कुणीतरी चुगली केली होती. अहवाल येईपर्यंत त्यांची रश्श्याची खानावळ बंद, आणि उद्यापासून छुसॉकच्या सणाची सुट्टी.

"साहेब, इथे कुणी मांस आणलं होतं का?"

नोहसाहेब खुशीत होते. "अगं, मेव्हण्याने सणाचं हानू पाठवलं ना! सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून इथल्याच काट्यावर तोललं. तुझा वाटा फ्रीजमध्ये आहे."

"नमुन्यांच्या टेबलावर कापलंत?"

"सुरी धुतली होती मी."

हेसुकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या नावापुढे डॉक्टर लागतं!

"एवढं काय त्यात?" साहेब म्हणाले. "पाणी अगदी शेवटी जरासं चढलंय. मावशींचं केव्हाच वर गेलंय. दे पाठवून."

"आणि उद्या त्या चुगलखोराने पाण्याची रेघ मागितली तर? 'तुमच्याकडे पाणीही हानूच निघतं' म्हणेल. मावशींच्या नावाला कायमचा बट्टा!"

"कर बाई तुझ्या मनासारखं."

तिने उघडी रसायनं फेकली, टेबल ब्लीचने घासलं, कोट बदलला, मावशींच्या नमुन्याची सीलबंद दुसरी पुडी काढली आणि पलीकडच्या खोलीत पहिल्यापासून सुरुवात केली. जेवण राहिलंच. मधूनमधून मावशींचा फोन. "झालं का गं?" "होतंय, मावशी." साहेब मात्र आरामात चहा पीत होते.

संध्याकाळी पाणी मुकाट्याने आडवं पडलं. मावशींची रेघ झपकन वर गेली. हानूच.

"सकाळी मी काय म्हणत होतो?" साहेब म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. अहवाल पाठवला आणि फोन लावला.

"मावशी, अस्सल हानू! सिद्ध झालं!"



"हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या हातचं जेवतेस. यंत्राने सांगेपर्यंत तुलाही खरं वाटलं नाही, होय गं?"

"तसं नाही, मावशी," असं हेसुकच्या ओठांवर आलं होतं. पण ती रेघ वर चढेपर्यंत तिचाही श्वास अडकला होता.